जिन्याखालचा ड्रम : एका नाद-दस्तऐवजाचा इतिहास

१/
लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या चौथ्या अल्बममधील शेवटचे गाणे सुरू होते, तेव्हा प्रथम ऐकू येतो तो फक्त ड्रम. गिटार नाही, गायक नाही. संथ, जड ठोका पडतो आणि प्रत्येक ठोक्यामागे एक मोठी रिकामी जागा घुमते. वादक खोलीत बसलेला नसून एखाद्या विहिरीच्या तळाशी बसला असावा, असे वाटते. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याचा हा ठोका रॉक संगीतातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला ड्रमनाद आहे. हा धागा त्या नादाचा, आणि त्यामागे राहून गेलेल्या काही नावांचा.

२/
अल्बम प्रकाशित झाला ८ नोव्हेंबर १९७१ रोजी. मुखपृष्ठावर ना बँडचे नाव, ना अल्बमचे शीर्षक. आत चार सदस्यांची चार चिन्हे, एवढीच ओळख. आधीच्या अल्बमवर समीक्षकांनी केलेल्या टीकेमुळे जिमी पेज आणि सहकारी वैतागले होते. संगीताला नावाच्या कुबड्या लागू नयेत, असा त्यांचा हट्ट होता. अल्बम तुफान खपला. सोयीसाठी जगाने त्याला 'लेड झेपलिन फोर' म्हटले. ज्यांचे नाव जगभर पोचले आहे, त्यांना अनाम राहण्याची चैन परवडते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

३/
अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि ती केवळ ड्रमवर लक्ष ठेवून ऐकली, तरी जॉन बॉनमची प्रतिभा उलगडत जाते. पहिले 'ब्लॅक डॉग'. बेसवादक जॉन पॉल जोन्स याने रचलेली त्यातील गिटारची ओळ मुद्दाम वाकडी चालते. ऐकणाऱ्याची सम चुकावी अशी तिची बांधणी आहे. बॉनम मात्र तिच्या नादी न लागता आपला चार मात्रांचा सरळ ठोका धरून राहतो. गिटार भरकटते आणि ड्रमपाशी परत येते. आवाज वाढवून ऐकले, तर गायकाच्या ओळीनंतरच्या शांततेत काठ्यांची हलकी टकटक ऐकू येते. सर्वांनी एकत्र उठावे यासाठी दिलेली ती खूण आहे.

४/
दुसरे गाणे 'रॉक अँड रोल' अपघाताने जन्मले. बँड 'फोर स्टिक्स' नावाच्या अवघड गाण्याशी झुंजत होता आणि ते जमत नव्हते. कंटाळलेल्या बॉनमने अचानक लिटल रिचर्डच्या १९५७ मधील 'कीप अ नॉकिन' या गाण्याच्या सुरुवातीचा ठोका वाजवायला घेतला. पेजने त्यावर गिटार धरली आणि थोड्याच वेळात नवे गाणे उभे राहिले. मूळ ठोका वाजवणारा कृष्णवर्णीय अमेरिकन ड्रमवादक होता चार्ल्स कॉनर. अल्बमवर त्याचे नाव नाही.

५/
ज्या 'फोर स्टिक्स'पायी हे घडले, तेही शेवटी जमले. गाणे पाच आणि सहा मात्रांच्या चालींत हेलकावे खाते. बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवले. गाण्याचे नाव त्यावरूनच पडले. हे वादन इतके दमवणारे होते की, मोजक्या प्रयत्नांतच ते ध्वनिमुद्रित करावे लागले.

६/
बॉनमला न वाजवणेही साधत असे. 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' आणि 'गोइंग टू कॅलिफोर्निया' या दोन गाण्यांत ड्रम नाहीतच. सर्वांत गाजलेले 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचे आहे. त्यात ड्रम येतो तो चार मिनिटे उलटून गेल्यावर. इतका वेळ राखून ठेवलेला पहिला ठोका पडतो, तेव्हा गाण्याला जणू पाय फुटतात. शांतता साठवावी लागते, हे या वादकाला ठाऊक होते. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे रहस्यही दोन ठोक्यांमधल्या जागेत आहे.

७/
१९७० च्या सुमारास ड्रम ध्वनिमुद्रित करण्याची रूढ पद्धत अशी : स्टुडिओच्या भिंतींना ध्वनी शोषणारे अस्तर, आणि प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी मायक्रोफोन. खोलीचा आवाज हा दोष मानला जाई आणि तो जितका कमी, तितके काम चांगले. यामुळे नाद स्वच्छ मिळे, पण कोरडा. बॉनमचा पायाने वाजवायचा बेस ड्रम २६ इंच व्यासाचा होता. समोर बसून ऐकणाऱ्याच्या छातीत घुमणारा तो ठोका टेपवर आला की पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजे.

८/
बँडने हे गाणे प्रथम लंडनच्या आयलंड स्टुडिओत करून पाहिले होते. मनासारखे झाले नाही. मग मुक्काम हलला हॅम्पशर परगण्यातील हेडली ग्रेंज या जुन्या, थंड आणि दमट घरात. रोलिंग स्टोन्स बँडने ट्रकवर बसवलेला फिरता स्टुडिओ भाड्याने आणून घराबाहेर उभा केला गेला आणि त्याच्या तारा घरात नेल्या गेल्या. ध्वनिमुद्रणाची सूत्रे अँडी जॉन्स या तरुण अभियंत्याकडे होती.

९/
घराच्या दिवाणखान्याबाहेर उंच दालन होते आणि त्यातून वळणे घेत जिना वर जात होता. ड्रम मांडले गेले या दालनाच्या तळाशी. वर जिन्याच्या कठड्याजवळ फक्त दोन मायक्रोफोन टांगले गेले. ड्रमच्या तोंडाशी एकही नाही. कल्पना नेमकी कोणाची, याबाबत जॉन्स आणि पेज यांच्या आठवणी जुळत नाहीत; दोघांनीही श्रेयावर आपापला हक्क सांगितला आहे. एकाच खोलीतील दोन साक्षीदार भिन्न आठवणी सांगतात, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही.

१०/
या मांडणीचा परिणाम समजून घेण्याजोगा आहे. जवळच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो तो कातड्याचा थेट आवाज. उंचावरच्या मायक्रोफोनपर्यंत पोचतो तो थेट आवाज अधिक भिंती, फरशी, जिना आणि छत यांवरून परतलेला आवाज. जॉन्सने तो कॉम्प्रेसर या यंत्रातून दाबून घेतला. हे यंत्र मोठा आवाज खाली आणते. मग सर्वच पातळी उचलता येते आणि बारीक आवाज वर येतो. म्हणजे ठोका किंचित दबतो आणि त्यामागची घुमणारी खोली फुगून पुढे येते. शिवाय बिन्सन या इटालियन कंपनीच्या प्रतिध्वनियंत्रातून प्रत्येक ठोक्यामागे एक पुसट सावली जोडली गेली.

११/
याखेरीज, मुद्रित टेपचा वेगही नंतर मंदावण्यात आला. टेप मंद झाली की स्वर खाली उतरतो आणि नाद जाड होतो. म्हणून हे गाणे चिखलातून चालल्यासारखे वाटते. तरीही यंत्रांना सगळे श्रेय देणे चूक ठरेल. तीच मांडणी घाईने, दाटीने वाजवणाऱ्या वादकाला दिली असती, तर प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून गोंगाट झाला असता. बॉनमने प्रत्येक ठोक्यानंतर खोलीला उत्तर द्यायला उसंत दिली. बॉनमचे वडील सुतारकाम आणि बांधकाम करत. शाळा सुटल्यावर त्याने स्वतःही त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली होती. घरे बांधणाऱ्याच्या मुलाने इथे चक्क एक घर वाजवले.

१२/
आता या घराकडे वळू. कारण हेडली ग्रेंज हे कोणा जमीनदाराचा वाडा म्हणून उभे राहिले नव्हते. १७९५ मध्ये ते बांधले गेले 'वर्कहाउस' म्हणून. ब्रॅमशॉट, हेडली आणि किंग्जली या तीन गावांतील निराधार, आजारी आणि अनाथ यांना तिथे ठेवले जाई. जे काम करू शकत, त्यांच्याकडून अन्नाच्या बदल्यात काम करून घेतले जाई. इंग्लंडच्या ग्रामीण गरिबाला या दारात पाऊल टाकणे म्हणजे पत गमावणे वाटे.

१३/
१८३० च्या शरद ऋतूत दक्षिण इंग्लंडचे शेतमजूर उठले. मजुरी घटली होती, आणि मळणीयंत्रांनी हिवाळ्यातील हक्काचे काम हिरावले होते. ठिकठिकाणी यंत्रे फोडली गेली, गंजी पेटल्या. जमीनदारांना धमकीची पत्रे येत, त्यांखाली सही असे 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक नावाची. खरे नाव लिहिणे म्हणजे फाशीला निमंत्रण. इथे अनामता ही चैन नव्हती, ती ढाल होती. नोव्हेंबरच्या अखेरीस एक जमाव शेजारच्या सेलबॉर्नचे वर्कहाउस उद्ध्वस्त करून हेडलीला पोचला आणि त्याने या इमारतीचीही मोठी नासधूस केली.

१४/
सरकारने उठाव कठोरपणे मोडला. सर्व परगणे मिळून १९ जणांना फाशी झाली आणि जवळपास ५०० जणांना ऑस्ट्रेलियातील कैद्यांच्या वसाहतींत धाडण्यात आले. हेडलीची इमारत पुन्हा उभी राहिली. १८७० मध्ये ती टॉमस केम्प नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने विकत घेतली, तिचे खासगी घर केले आणि तिला हेडली ग्रेंज हे भारदस्त नाव दिले. शंभर वर्षांनी त्याच छताखाली ड्रम मांडले गेले. भिंती दुःख साठवून ठेवतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. भिंती केवळ ध्वनी परतवतात. मात्र या वास्तूत कोणते गाणे वाजवले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

१५/
'लेव्ही' म्हणजे नदीचे पाणी अडवण्यासाठी काठाने घातलेला मातीचा बांध. १९२७ च्या वसंतात अमेरिकेतील मिसिसिपी नदीला अभूतपूर्व पूर आला. २१ एप्रिल रोजी मिसिसिपी राज्यातील ग्रीनव्हिलच्या वरच्या अंगाला माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला. सगळे फुटलेले बांध मिळून सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली गेली आणि ६ लाखांहून अधिक लोक बेघर झाले. मृतांचा अधिकृत आकडा काही शेकड्यांतच राहिला. प्रत्यक्षात तो बराच अधिक असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

१६/
पूर सर्वांवर आला, पण सर्वांना सारखा भोवला नाही. बांधावर वाळूची पोती रचायला जुंपले गेलेले मजूर बहुतांशी कृष्णवर्णीय होते, आणि अनेकदा बंदुकीच्या धाकाने. ग्रीनव्हिलमध्ये गोऱ्या कुटुंबांना बोटींनी हलवण्यात आले. हजारो कृष्णवर्णीय मात्र उरलेल्या बांधाच्या अरुंद पट्टीवर तंबूंत अडकून राहिले. ते एकदा गेले तर परतणार नाहीत आणि कापसाचे मळे ओस पडतील, ही मळेवाल्यांची भीती होती. शिधा हवा असेल तर गळ्यात ओळखपट्टी घालावी लागे, आणि तिच्यावर नोंद असे ती मालकाची. माणसाची ओळख काय, तर तो कोणाचा मजूर.

१७/
या पुरानंतर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी दक्षिण कायमची सोडून शिकागोसारख्या उत्तरेकडील शहरांची वाट धरली. १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि तिचा पती कान्सास जो मकॉय यांनी न्यूयॉर्कमध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ध्वनिमुद्रित केले. दोन गिटार आणि जोचा आवाज, ड्रम नाही. मिनीची बोटे चपळाईने तारांवर फिरतात आणि गाणे बऱ्यापैकी वेगात धावते. बांध फुटणार, घर जाणार आणि माणसाला निघावे लागणार, असा त्याचा आशय. कॅमेऱ्यांनी पुराची विस्तीर्णता टिपली. बांधावर रात्र काढणाऱ्याची धास्ती मात्र अशा गाण्यांनी जपली.

१८/
लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लँट याच्या संग्रहात हे गाणे होते. बँडने चाल बदलली, वेग उतरवला आणि तीन मिनिटांचे गाणे सात मिनिटांचे केले. मुळात पूर शब्दांत होता. इथे तो ड्रममध्ये आला. न थांबता, वेग न बदलता पुढे सरकणारे पाणी म्हणजे बॉनमचा ठोका. त्यावर उलटी फिरवलेली हार्मोनिका आणि गिटार भोवऱ्यासारख्या घुमतात. कलाकृती म्हणून हे रूपांतर थोर आहे, यात शंका नाही.

१९/
श्रेयनामावलीत बँडच्या चौघांबरोबर मेम्फिस मिनीचे नाव छापले गेले. जुन्या ब्लूज गीतांचे श्रेय न दिल्याबद्दल याच बँडवर वारंवार टीका झाली आणि खटलेही झाले, हे पाहता ही नोंद महत्त्वाची आहे. पण मूळ ध्वनिमुद्रिकेवर ज्याचा आवाज आहे, तो जो मकॉय या यादीत नाही. तो १९५० मध्येच वारला होता. मिनी तेव्हा हयात होती. १९७३ मध्ये तिचे निधन झाले.

२०/
अल्बमच्या मुखपृष्ठावरही एक अनाम मनुष्य आहे : पाठीवर काटक्यांचा भारा घेऊन वाकलेला म्हातारा. प्लँटला ही तसबीर रेडिंग येथील जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली होती. पन्नास वर्षे लोक तिला चित्र समजत राहिले. २०२३ मध्ये ब्रायन एडवर्ड्स या संशोधकाला व्हिक्टोरियन काळातील एका संग्रहात तिचे मूळ छायाचित्र सापडले. ते १८९२ मधले असून अर्नेस्ट फार्मर या छायाचित्रकाराचे होते. म्हाताऱ्याचे नाव निघाले लॉट लाँग. जन्म १८२३, विल्टशर परगण्यातील मीर गावचा, घरे गवताने शाकारणारा कारागीर.

२१/
म्हणजे १८३० च्या उठावात लॉट लाँग सात वर्षांचा होता, आणि विल्टशर हा त्या उठावाचा सर्वांत पेटलेल्या परगण्यांपैकी एक होता. वर्कहाउसच्या भिंतीत मुद्रित झालेल्या अल्बमवर त्याच काळातल्या, त्याच श्रमिक वर्गातल्या माणसाची प्रतिमा असावी, हा शुद्ध योगायोग आहे. बँडला यातले काही ठाऊक नव्हते. इतिहासाला योगायोगातून निष्कर्ष काढता येत नाहीत. मात्र एका वहीतील हस्ताक्षर आणि एका संशोधकाचा चिकाटीचा डोळा यांतून माणसाला नाव परत मिळू शकते, हे इथे सिद्ध होते.

२२/
या अल्बमचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट यांनी मुंबईत स्थानिक वादकांसह दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतले एक होते 'फोर स्टिक्स'. ज्या गाण्यासाठी बॉनमला चार काठ्या लागल्या होत्या, त्याची लय इथे तबलावादकाच्या बोटांनी पेलली. पाच मात्रांची चाल म्हणजे रॉकच्या दृष्टीने विक्षिप्त प्रकार. झपतालात वाढलेल्या हाताला तिचे कसले नवल? हे मुद्रण २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाले. वादकांची तिथली ओळख मात्र सामुदायिक राहिली : 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'.

२३/
दरम्यान त्या जिन्याखालच्या ठोक्याला दुसरा जन्म लाभला होता. १९८० च्या दशकात जुन्या ध्वनिमुद्रिकेतील तुकडा उचलून त्यावर नवे गाणे बांधण्याचे तंत्र हिप-हॉपमध्ये रुळले. ज्या गाण्याच्या आरंभी ड्रम एकटाच वाजतो, ते अशा कामासाठी सोन्याची खाण. बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्या गटाने १९८६ मध्ये तो वापरला, आणि गाण्याच्या नावातच चोरीची कबुली दिली : 'राइमिन अँड स्टीलिन'. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. ड्रे याच्या 'द क्रॉनिक' अल्बमवर आणि १९९५ मध्ये आइसलँडची गायिका ब्योर्क हिच्या 'आर्मी ऑफ मी'मध्येही हाच ठोका आहे.

२४/
हा प्रवास ध्यानात घ्यावा. मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय स्थलांतरितांचे गाणे इंग्लंडला गेले, तिथे त्याला ड्रम मिळाला, आणि तो ड्रम अमेरिकेत परतून कृष्णवर्णीय शहरी तरुणांच्या संगीताचा पाया बनला. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी नवे घडले आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाचे तरी नाव गळाले. निर्मिती आणि विस्मरण हातात हात घालून चालली. यातले एक सांगून दुसरे झाकणे, हा अर्धा इतिहास होय.

२५/
जॉन बॉनमचे २५ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी निधन झाले. त्याच्याविना पूर्वीसारखे चालू शकत नाही, असे सांगून उरलेल्या तिघांनी त्याच डिसेंबरमध्ये बँड थांबवला. ड्रमवादक मागे बसतो, म्हणून तो दुय्यम नसतो, याची एवढी स्पष्ट कबुली रॉकच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

२६/
हे गाणे पुन्हा ऐकावे. शक्य असल्यास चांगल्या हेडफोनवर आणि डोळे मिटून. सुरुवातीचे काही ठोके ऐकताना गिटारची वाट पाहू नये. ठोक्यानंतरची जागा ऐकावी. त्या जागेत १७९५ ची एक वास्तू आहे. त्यानंतर १९२९ चे मूळ गाणेही ऐकावे, ड्रमविना, दोन गिटारींचे. आणि कोणी विचारले की हे गाणे कोणाचे, तर उत्तर द्यायला थोडा वेळ घ्यावा. जॉन बॉनम, अँडी जॉन्स, मेम्फिस मिनी, जो मकॉय : निदान एवढी नावे तरी त्या उत्तरात यायला हवीत.